कावळा कुठल्या वाक्याला शिवला

आमच्या आप्पांच्या दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही, आणि त्यापायी पुढचं सगळं वर्ष आमचं घर एका कावळ्याच्या मर्जीवर चाललं. कावळा बिचारा काही बोलला नव्हता. भांडण एवढंच होतं, की तो नक्की काय ऐकून खाली उतरला.

मी यवतला असते. हायवेला लागून आमची नर्सरी आहे. कुंड्या, शोभेची झाडं, आणि सतरंजीसारखं गुंडाळून मिळणारं लॉन. जी घाणेरी गावाकडं बांधावरून उपटून फेकतात, तीच आमच्याकडं रंगीत फुलांची म्हणून कुंडीत बसून विकली जाते. गिऱ्हाईक वर विचारतं, ही जगेल ना? मी म्हणते, जगेल. मनात म्हणते, मरत नाही हीच तर अडचण आहे. माहेर भीमेच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या शिवारातल्या वस्तीवर. खाली पाण्याचा ऊस, वर कोरडा माळ. त्या माळावर पाइपलाइन कधी पोचली नाही. वेडी बाभूळ मात्र पोचली.

ही आपली गावठी बाभूळ नव्हे. हिला कुणी लावत नाही, पाणी घालत नाही, तरी ही वाढते. तोडली की एकाच्या चार फांद्या होऊन वर येते, आणि हिच्या जाळीखाली गवताची काडी टिकत नाही. हिच्या पिवळ्या शेंगा शेळ्या आवडीनं खातात आणि लेंड्यांतून हिचं बी गावभर वाटत फिरतात.

आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांचं आणि वेड्या बाभळीचं वैयक्तिक भांडण होतं. शेवटची काही वर्षं रोज सकाळी बिनसाखरेचा चहा पिऊन, तोंड वाकडं करून, कोयता घेऊन ते माळावर जायचे. दुपारी हातापायांवर ओरखडे घेऊन परत यायचे. आज तोडलेलं महिन्याभरात पुन्हा कमरेएवढं व्हायचं. "माळ पवन्याचा हुता," एवढंच म्हणायचे. पवन्या म्हणजे उंच वाढणारं, जनावरांच्या आवडीचं गवत. आम्ही मुलांनी तो कधी पाहिलेला नव्हता. आम्ही चेष्टा करायचो, आप्पा बॉर्डरवर निघाले. आई या चेष्टेत कधी हसायची नाही. आम्हाला वाटायचं, तिला विनोद कळत नाही.

आप्पा कार्तिकात गेले. आजारपण असं काही नव्हतं. सावडायच्या दिवशी आम्ही वडगाव रासाईच्या बाजूला नदीवर गेलो, तर भीमा या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी. जलपर्णीनं पाणी दिसेना. राख सोडली ती पानांवरच बसली. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, बांबूनं पानं बाजूला सारत होता आणि पानं पुन्हा जागेवर येत होती. आप्पा हिरव्या गादीवर बसून राहिले. माळावर एका परदेशी पाल्यानं छळलं आणि नदीवर दुसऱ्यानं, आता वर गेल्यावर तरी सुटले असतील अशी मी मनाची समजूत घातली.

दहाव्याला त्याच घाटावर मांडव, लाऊडस्पीकर, प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. आयुष्यात ज्यांनी आप्पांना रामराम केला नाही त्यांनी माइक सोडला नाही. पिंड ठेवले. वर कडुलिंबावर कावळे भरपूर होते. पण एकही खाली येईना.

आता गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर ती ओळखून कबूल करायची असते. दादा पुढं झाला. नुकतीच हजामत केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. हात जोडून म्हणाला, "आप्पा, आईची काळजी करू नका. मी सांभाळतो तिला."

कावळा हलला नाही. पायरीवर बसलेली आई मात्र हलली. "म्हंजी काय? एरवी सांभाळनार नव्हता व्हय?"

मग चुलते उठले. बांधावरून त्यांचं आणि आप्पांचं कैक वर्षं वाकडं होतं. "भाऊ, बांध तुमचा. मी सोडला." तेवढ्यात एक कावळा खालच्या फांदीवर आला. सगळे पुढं सरकले. चुलत्यांनाही आपण काय बोलून बसलो ते कळलं असावं. ते घाईनं म्हणाले, "पर मोजणी करून." कावळा परत वर गेला.

ऊन चढलं. गर्दीतल्या बऱ्याच जणांना अजून एका दहाव्याला जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले. तंबाखूची पुडी ठेवून झाली, भजी ठेवून झाली. चुलत्यांनी टपरीवरून चहा आणून ठेवला. आई पुटपुटली, "शुगर हाय त्यांना. गोड आनला आसंल."

मला राग आला. कावळ्याचा आला, भाषणांचा आला, आणि दहा मिनिटांत बापाला निरोप देऊन पुढच्या गावाला पळायला बघणाऱ्या माणसांचा तर फारच आला. बायकांनी पुढं व्हायचं नसतं, पण मी झाले. दादा त्याच वेळी ओरडला, "आप्पा, माळाचं कायतरी करतो!" आणि त्याच्या पाठोपाठ, जवळजवळ त्याच्या तोंडातूनच, मी ओरडले, "आप्पा, माळावरची येडी बाभूळ मुळासकट काढते! झालं?"

कावळा सरळ खाली आला, पिंडाला चोच लावली आणि भजं घेऊन गेला.

घरी येईपर्यंत भांडण पेटलं होतं. दादाचं 'कायतरी' म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दादा कंपनीत सुपरवायझर आहे आणि त्याच्या डोक्यात फार दिवसांपासून माळावर लग्नाचं लॉन्स करायचं होतं. कमान, स्टेज, पार्किंग, रंगीत कारंजं. त्याचं म्हणणं, कावळ्यानं माझं ऐकलं. माझं म्हणणं, माझं ऐकलं. सुदैवानं किंवा दुर्दैवानं वहिनीनं सगळ्याचं मोबाईलवर शूटिंग केलं होतं. मग सुरू झालं थर्ड अंपायरचं काम.

तो व्हिडिओ आम्ही सावकाश करून पाहिला, थांबवून पाहिला, मोठ्या टीव्हीला जोडून पाहिला. निष्पन्न असं झालं, की दादाच्या 'करतो'ला कावळ्यानं पंख उघडले होते आणि माझ्या 'काढते'ला चोच लागली होती.

"पंख उघडले तिथंच डिसिजन झाला त्याचा," दादा म्हणाला.

"रनआउटला काय बघत्यात?" चुलते म्हणाले. "बॅट टेकली का ते. पळाय कवा लागला ते कोन बघतंय?"

घाटावरचं बोलणं धरून दादानं बांध मागितला होता, त्यामुळं चुलते दादावर खार खाऊन होते, म्हणून माझ्या बाजूला आले. त्यांच्यामुळं अर्धी भावकी माझ्या बाजूला आली. बाकीची अर्धी, लॉन्समध्ये आपल्याला केटरिंग मिळेल या आशेनं दादाकडं गेली. मला खरं तर माळाचं काय करायचं हे काहीच माहीत नव्हतं. मी रागात बोलले होते. पण व्हिडिओत ओरडताना माझा चेहरा हुबेहूब आप्पांसारखा दिसत होता, त्यामुळं मला माघार घेता येईना.

या सगळ्यात आई एकदाच बोलली. "माळ पैल्यासारखा हुईस्तवर मी च्या घ्यायची न्हाई."

आम्हाला वाटलं, चार दिवसांचं आहे. आमची आई म्हणजे चहाशिवाय जिचा दिवस उजाडत नाही अशी बाई. आम्ही म्हणलं, अगं, दुसरं काहीतरी सोड. भात सोड, गोड सोड. ती म्हणाली, "च्याच." डोकं दुखायला लागलं तिचं. दिवसभर कपाळाला फडकं बांधून बसायची. घरात तिच्यासमोर चहा करायची कुणाची छाती होईना. दादा कंपनीत पिऊन यायचा आणि दारात येण्याआधी चूळ भरायचा. वहिनी शेजारच्या वस्तीवर जाऊन पिऊन यायची. आलागेला बिनचहाचा परत जायचा. गावात बोलवा झाली, की आप्पा गेल्यापासून त्या घराला उतरती कळा लागली.

उन्हाळ्यात दादानं तह मांडला. बाभूळ काढायची दोघांनाही आहे, तर आधी काढू. वर्षश्राद्धाला माळावर पान ठेवू. काहीही कबूल न करता कावळा आला तर आप्पा समाधानी आहेत असं धरू आणि माळ तसाच गवताला सोडू. नाही आला, तर त्यांना अजून 'कायतरी' पाहिजे आहे आणि लॉन्स होईल. मी मान्य केलं. आज लिहिताना हे सगळं मला शहाण्या माणसांचं वाटत नाही, पण तेव्हा घरातल्या घरात ते फार न्यायाचं वाटलं होतं.

"प्रॉब्लेमच्या रूट कॉजला जायला लागतं," असं म्हणून दादानं जेसीबी आणला. जेसीबी मुळापर्यंत गेला यात शंका नाही. माळ दहाव्याला हजामत केलेल्या दादाच्या डोक्यासारखा साफ झाला. फक्त ओढ्याकडची खडकाळ पट्टी राहिली, तिथं मशीन उतरेना. बुंधे आणि मुळ्यांचा घरापुढं ढीग लागला. दादा पातेलं घेऊन आईकडं गेला, "चल, ठेव आता च्या."

आई माळावर जाऊन उभी राहिली. उघडी माती बघून म्हणाली, "थांब जरा."

पाऊस पडून गेल्यावर माळ हिरवा झाला. दादानं मला यवतला फोन केला, "अगं, गवत आलं!" मी गेले. गवत नव्हतं. बोटभर उंचीची वेडी बाभूळ होती, पाय ठेवायला जागा नाही इतकी. वर्षानुवर्षं मातीत पडून राहिलेलं सगळं बी जेसीबीनं खालीवर करून दिलं होतं, आणि तुटलेल्या मुळ्यांना वेगळे फुटवे आले होते. इतक्या मशागतीनं दादानं उसाची लागणसुद्धा कधी केली नव्हती. तो मधोमध जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हिला येडी कोन म्हनलं?"

त्या दिवसापासून आई माळावर जायला लागली. ओल असताना रोप हातानं उपटलं की मुळासकट येतं, वाळलं की तुटतं आणि तुटलं की पुन्हा फुटतं, एवढं तिला पहिल्या दुपारी कळलं. वाकून वाकून ती एकेक रोप उपटायची आणि प्रत्येकाला काहीतरी सुनवायची. मी आठवड्यातून दोनदा जायला लागले. जी भेटायला येईल तिला आई चहाऐवजी माळावर न्यायची. हळहळ व्यक्त करायला आलेल्या बायका पदर खोचून बाभूळ उपटायला लागायच्या आणि तासाभरानं कंबर धरून घरी जायच्या. थोड्याच दिवसांत लोक आमच्या वाटेनं यायचे बंद झाले. समोरून दिसलो तरी लांबूनच हात जोडायचे, "ऐकून लई वाईट वाटलं हां," आणि गाडी वळवायचे.

नाही म्हणायला निवडणुकीचे एक उमेदवार सापडले. गाड्यांचा ताफा घेऊन आईच्या पाया पडायला आले. आई म्हणाली, "मत दिऊ की. तेवढी ओळ उपटून द्या." उमेदवार, त्यांचे कार्यकर्ते आणि एक बंदूकवाला, सगळे वाकले. संध्याकाळी त्यांचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला. हातात वेड्या बाभळीची रोपं, चेहऱ्यावर घाम, आणि खाली लिहिलेलं, 'मान्यवरांच्या हस्ते वृक्षारोपण'.

शेळ्यांचा प्रश्न राहिला. त्या आल्या की पुन्हा बी येणार. म्हणून जेसीबीनं उपटलेल्या काटेरी फांद्यांचं आम्ही माळाभोवती कुंपण केलं. बाभळीपासून माळ वाचवायला बाभळीचंच कुंपण, आणि त्या कुंपणाचे काटे काढायला घरात सुई कायम दाराच्या चौकटीत खोचलेली.

पवन्या सापडला तो आईला. ओढ्याकडच्या त्या खडकाळ पट्टीत, दाट काट्यांच्या आत, जिथं शेळीचं तोंड पोचत नाही, तिथं गवताचे पाच-सहा ठोंब होते. तिनं एक काडी तोडून चावली, थुंकली, पुन्हा चावली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हाय. मेला न्हाई."

तिचा आवाज ऐकून मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही. गवत बघून रडणारी नर्सरीवाली बाई म्हणजे मिठाई बघून रडणारा हलवाईच, पण आलं खरं.

ठोंब फोडून रोपं करणं हे माझं रोजचं काम. काही फुटवे आम्ही तिथंच पावसात लावले, काही मी यवतला नेले आणि ट्रेमध्ये वाढवले. नवरा म्हणाला, "आता गवत विकायचं का?" शोभेच्या झाडांच्या रांगेत माझे ते ट्रे बघून गिऱ्हाइकं विचारायची, यातलं झाड मेलं का? त्याच सुमारास दादाचा नवऱ्याला फोन आला. लॉन्सची तयारी म्हणून तो आमच्याकडूनच लॉनची ऑर्डर देणार होता, सगळा माळ भरून. नवऱ्याचा चेहरा असा उजळला, की मला त्याची दया आली.

मी फोन हिसकावून घेतला. दादा म्हणाला, "अगं, तुला गवतच पायजे ना? मग? लॉन म्हंजी काय वांगी हायती का? गवतच हाय की ते बी!"

जे लॉन मी आयुष्यभर विकलं ते गवत नव्हे, हे कसं सांगणार? मी फोन ठेवला. नंतर नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही, त्याचा काही दोष नसताना.

पाऊस संपता संपता माळाला रूप आलं. सगळा माळ पवन्यानं भरला असं काही झालं नाही. निम्मा उघडाच होता. उरलेल्यात कुसळी होती, मारवेल होतं, आपणहून आलेली नाव माहीत नसलेली गवतं होती, आणि मध्ये मध्ये पवन्याचे ठोंब. वेडी बाभूळ अजूनही कुठून कुठून डोकं काढायची आणि आई ते डोकं उपटायची. दादासुद्धा रविवारी यायचा. मोबाईलवर लॉन्सचे फोटो बघत बघत दुसऱ्या हातानं उपटायचा.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. गुरुजी, चुलते, भावकीतली दोन्ही पार्ट्यांची माणसं, सगळे माळावर जमले. मधोमध एका दगडावर केळीच्या पानावर भात, वडे, खीर ठेवली आणि आम्ही मागं सरलो. वर आभाळ निळंभोर आणि रिकामं.

कावळा येईना. कावळा काय, कावळ्याची सावली दिसेना. बराच वेळ गेल्यावर चुलत्यांच्या लक्षात आलं. "आरं, बसंल कुठं त्यो? झाडच न्हाई ठेवलं एक!"

खरं होतं. कावळे बसायचे ते वेड्या बाभळीवरच. आम्ही ती मुळासकट काढली होती, ओढ्याकडची पट्टीसुद्धा मागनं हातानं साफ केली होती. कावळे गेले होते खालच्या ऊसवाल्यांच्या निंबाऱ्याच्या झाडावर, आणि तिथून आमचं पान त्यांना दिसत असलं तरी मध्ये एवढं उघडं रान ओलांडून यायची त्यांना गरज वाटत नव्हती.

मी हरले होते. केटरिंगवाल्या पार्टीत कुजबुज सुरू झाली. त्यांच्यातला एकजण दादाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ठरल्यापरमानं आता..."

दादानं तो हात झटकला. तो गवतात पुढं गेला, पँटला कुसळं टोचत होती तसाच, आणि वर तोंड करून ओरडायला लागला, "काव! काव! काव!"

ज्याला कावळा यायला नको होता तोच कावळ्याला हाका मारत होता. सुपरवायझर माणूस, कंपनीत ज्याच्या हाताखाली एवढी पोरं, तो हात हलवत माळावर काव काव करत फिरत होता. आधी दोघंतिघं हसले. मग त्याचा आवाज फाटला. "आप्पा, या की! काय मागत न्हाई! कायबी करत न्हाई माळाला! निस्तं या की एकदा!"

मग मीही काव काव करायला लागले. चुलते लागले. गुरुजी हे शास्त्रात आहे का याचा विचार करत थोडा वेळ थांबले आणि मग तेही लागले. सगळी माणसं माना वर करून आभाळाला हाका मारत होती.

खाली बघत होती ती एकटी आई. "गप ऱ्हावा," ती हळूच म्हणाली. "ते बगा."

गवतातून चित्तूर बाहेर आलं होतं. मागं अजून दोन. मातीच्या रंगाची, गुबगुबीत, तुरुतुरु चालणारी पाखरं. आप्पा सांगायचे, पूर्वी माळावर चित्तरं असायची, पहाटे त्यांच्या ओरडण्यानं जाग यायची. मी ती पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी पानातला भात टिपला, खिरीकडं बघितलंसुद्धा नाही, आणि आली तशी गवतात गेली.

"चालतंय का हे?" चुलत्यांनी गुरुजींना विचारलं.

"कावळाच लागतो," गुरुजी म्हणाले. मग दादाकडं बघून म्हणाले, "पण पान शिवलंय हे खरं."

झालं, पुन्हा दोन पार्ट्या. व्हिडिओ कुणी काढला का, चित्तूर पितरांत धरतात का, खीर शिवली नाही त्याचा अर्थ काय. तेवढ्यात आई उठली. तिनं तीन दगड मांडले, उन्हाळ्यातल्या ढिगातला बाभळीचा बुंधा आणायला मला पाठवलं, आणि वहिनीला म्हणाली, "च्याचं पातेलं आन."

भांडणारे सगळे आईकडं वळले.

बाभळीचं लाकूड फार चांगलं जळतं. आई चुलीपुढं बसली आणि विस्तवाकडं बघत बोलायला लागली. आमच्याशी बोलत होती की नाही, कुणास ठाऊक.

"मी नवी नवरी. दुस्काळ पडल्याला. माज्या म्हायेराहून मानसं आली आन् घरात च्या कराय काडीचं सरपण न्हाई. सगळा माळ गवताचा, झाड एक न्हाई. शेनी सुदिक संपल्याल्या. मानसं बिनच्याची गेली. मी आत बसून रडले. ह्येंनी ऐकलं. मला काय म्हनले न्हाईत. दोन दिवस कुठं गेले ते गेले आन् पाटीवर बियाचं पोतं घिऊन आले. म्हनले, लई भराभरा वाडतंय, पानी बी लागत न्हाई. आन् सगळ्या माळावर फेकलं."

दादानं चुलीतला बुंधा आत सारला.

"मग सरपण कवा कमी पडलं न्हाई मला. पर गवत गेलं. गवत गेलं तशी गुरं गेली. ह्या एका कपापायी माळ गेला, पर मला कवा बोलून दावलं न्हाई. उलटं म्हातारपनी कोयता घिऊन त्येच निस्तरत बसायचं, आन् तुमी दात काडायचा."

चहा उकळून वर आला. तिनं पदरानं पातेलं उतरवलं.

"बाभळीला येडी म्हनत्यात," आई म्हणाली. "ती कशाची येडी. येडा ह्यो हुता."

आईनं आयुष्यात आप्पांना एकेरी म्हटलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. दादा तोंड फिरवून कुसळं काढत बसला. एवढी कुसळं त्याच्या पँटला नव्हती.

आईनं वर्षानंतरचा पहिला घोट घेतला. डोळे मिटले. मग भात टिपलेल्या पानाकडं बघून वहिनीला म्हणाली, "आजून एक कप भर. ह्येंचा. साखर घालू नगंस."